चौदा वर्षांच्या मुलीचा युक्तिवाद : १८५५ चं एक शालेय लिखाण कसं वाचायचं?

सहावी ते आठवीच्या मुलांना लिहायला आणि लिहिता लिहिता विचार करायला कसं शिकवायचं, हा प्रश्न आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या खात्यात टाकून दिलेला आहे. इतिहासाचे विद्यार्थी त्याच्याकडे फारसे फिरकत नाहीत. त्यामागे एक साधं कारण आहे. शाळांचा इतिहास लिहायचा म्हटलं की पाठ्यपुस्तकं सापडतात, सरकारी अहवाल सापडतात, इन्स्पेक्टरांचे शेरे सापडतात, संस्थापकांची चरित्रं तर ढिगाने सापडतात. पण मुलांनी काय लिहिलं ते सापडत नाही. पाटी पुसली जाते. वही रद्दीत जाते. त्यामुळे आपण जो लिहितो तो शिकवण्याचा इतिहास असतो, शिकण्याचा नसतो.

म्हणून जिथे एखाद्या विद्यार्थ्याचं लिखाण टिकलेलं आहे तिथे थांबायला हवं. मराठीत असं एक लिखाण आहे आणि तुमच्यापैकी अनेकांनी त्याचं नाव ऐकलेलं असणार. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तो फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला. मुलीचं वय सुमारे चौदा, शिक्षण सुमारे तीन वर्षांचं. आजच्या हिशेबात सातवी-आठवी.

आता गंमत अशी की या निबंधाचा उल्लेख सगळीकडे होतो, जयंतीच्या भाषणांत होतो, पोस्टरवर होतो. पण तो निबंध म्हणून, म्हणजे एका विद्यार्थिनीने पायरीपायरीने बांधलेला युक्तिवाद म्हणून, क्वचितच वाचला जातो. खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं मुक्ताबाईने साहेबाला सांगितल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ते वाक्य निबंधात नाही. ज्यांना मुक्ताबाईबद्दल फक्त तेवढंच ठाऊक असतं त्यांनी निबंध उघडलेला नसतो, असं मला आता खात्रीने वाटतं. शोधप्रबंधात ते वाक्य वापरायचा मोह झाला तर आधी त्याचा माग काढा. या लेखात मी त्याच्या वाटेला जाणार नाही, कारण निबंधातच इतकं काही आहे की त्या गोष्टीची गरज पडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. त्या काळच्या पंतोजींच्या शाळेत ‘लिहिणे’ म्हणजे काय होतं? धूळपाटीवर अक्षर गिरवणं, मग कित्ता, मग मोडी. पत्राचे मायने, हिशेब, खतं. पाढे तोंडपाठ, पावकी-निमकी-पाऊणकीसकट. याची टिंगल करू नका. बाजारात आणि दफ्तरात याच कौशल्याला किंमत होती आणि ते शिकवणारे ते चोख शिकवत. पण स्वतःचं म्हणणं मांडणं, ते सिद्ध करणं हा लिहिण्याचा भाग आहे, ही कल्पना त्या शाळेत नव्हती. १८२० नंतर छापील पुस्तकं येऊ लागली. बापू छत्र्यांचं ‘बाळमित्र’ १८२८ चं, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. मेजर थॉमस कँडी यांची विरामचिन्हांवरची पुस्तिका १८५० ची. म्हणजे मुक्ताबाईचा निबंध छापला गेला तेव्हा मराठीत प्रश्नचिन्ह कुठे द्यायचं याचा नियम सांगणारं पुस्तक जेमतेम पाच वर्षांचं होतं. (या माहितीचा गैरवापर करू नका. छापील निबंधातली विरामचिन्हं मुक्ताबाईची की छापखान्याची, हे छापील पानावरून ठरत नाही. त्यांच्यावर निष्कर्षाची इमारत बांधायची नाही.)

आणि ‘निबंध’ हा शब्द? तो शाळेत येण्याआधी कितीतरी शतकं धर्मशास्त्रात होता. स्मृतींमधली वचनं विषयवार लावून अमुक प्रसंगी काय करावं याचा निर्णय देणारे ग्रंथ म्हणजे निबंध. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ हा त्यातलाच, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कुणाला कशाचा अधिकार आहे आणि कुणाला नाही, हे ठरवणारी ग्रंथपरंपरा. त्याच शब्दाने आज आपण ज्याला ओळखतो ते एका मांग मुलीचं लिखाण सुरू होतं तेच मुळी या अधिकाराच्या प्रश्नापासून. तिच्या मनात हा श्लेष होता असं मी म्हणत नाही. पण शब्दाचा प्रवास टिपून ठेवायला काय हरकत आहे?

आता निबंधाकडे. मी मजकूर उद्धृत करत नाही, त्याची बांधणी सांगतो. मूळ तुम्ही स्वतः वाचा.

ती आधी समोरच्याचं म्हणणं घेते. वेद आमचीच मालमत्ता, ते आम्हीच पाहायचे, असं ब्राह्मण म्हणतात. ठीक. ती ते खोडत बसत नाही. मान्य केल्यासारखं करून पुढे नेते. वेद आम्हाला पाहण्याचा अधिकार नाही, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही, तर त्यातून येणारा धर्मही नाही. मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती सरळ देवाला विचारते. ज्या धर्मात एकानेच सुख भोगावं आणि बाकीच्यांनी नुसतं पाहत राहावं, तसल्या धर्माचा अभिमान आमच्या मनातसुद्धा येऊ नये, अशा अर्थाचं ती पुढे मागते.

ही चाल ओळखीची वाटते का? प्रतिपक्षाचं गृहीतक घ्यायचं, ते शेवटपर्यंत ताणायचं आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्याच्याच पुढ्यात ठेवायचा. न्यायशास्त्रातला विद्यार्थी याला वेगळं नाव देईल, वकील वेगळं देईल. चौदा वर्षांच्या मुलीने ती चाल कोणत्याही नावाशिवाय वापरली आहे.

मग ती तुलना करते. मुसलमान कुराणाच्या आधाराने चालतात, इंग्रज बायबलच्या, ब्राह्मण वेदांच्या. प्रत्येकाकडे काहीतरी आधार आहे, म्हणून ते कमीअधिक सुखी आहेत. इथे बारकाईने वाचा, कारण या ठिकाणी तिने एक फार महत्त्वाची गोष्ट केली आहे. हे धर्म खरे की खोटे, याचा निवाडा ती देत नाही. तिन्ही धर्मांबाबत ती खऱ्या-खोट्याची शक्यता उघडी ठेवते, बायबलसकट. आणि हे छापून कुठे येतंय? अमेरिकन मराठी मिशनच्या नियतकालिकात! मी याच्याकडे परत येणार आहे.

त्यानंतर पुरावा. पेशवाईतल्या गोष्टी येतात. मांग-महारांना इमारतीच्या पायात गाडत. तालीमखान्यापुढून गेला तर मुंडकं कापून तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडू खेळत. एखादा वाचताना आढळला तर त्याची खैर नसे. यांनी दफ्तराचं काम करायचं आणि ब्राह्मणांनी काय धोकटी बगलेत मारून हजामती करत फिरायचं, असा बाजीरावाचा संताप ती सांगते. यातली एक तुलना तर कुठल्याही वादसभेत गाजेल अशी आहे. लंगड्या गाढवाला मारलं तर निदान त्याचा मालक तुमची फजिती करेल, पण मांग-महारांना मारू नका असं म्हणणारं कोण होतं? म्हणजे गाढवाला किमान धनी होता. यात उपमा नुसती सजावटीला आलेली नाही. मालमत्ता असण्यालाही जे संरक्षण मिळतं तेसुद्धा इथे नव्हतं, हा मुद्दा त्या उपमेशिवाय इतक्या थोडक्यात मांडताच येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे लगेच विचारायला हवं : हे तिने पाहिलं होतं का? नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. हा ऐकीव पुरावा आहे, घरातला आणि वस्तीतला. पेशवाईत नेमकं काय घडलं याचा एकमेव पुरावा म्हणून तो वापरायचा तर त्याला इतर साधनांची जोड द्यावी लागेल. पण पेशवाई जाऊन छत्तीस-सदतीस वर्षं झाल्यावर पुण्याच्या मांग वस्तीत तिची आठवण कशी सांगितली जात होती, याचा पुरावा म्हणून तो थेट आहे. एकच कागद दोन वेगळ्या प्रश्नांना वेगवेगळ्या ताकदीने उत्तर देतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात हे तुम्ही पाठ केलेलं असतं. इथे ते प्रत्यक्ष करून पाहता येतं.

मग ती स्वतःच्या काळात येते आणि इथून निबंधाचा पोत बदलतो. मांग बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं. थंडी, वारा, पाऊस अंगावर. बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणणार? ब्राह्मणांची पोरं दगड मारतात, रक्त निघतं, तरी ही मुलं तक्रार करत नाहीत. का? कारण त्यांच्याच दारी उष्टं मागायला जायचं असतं.

या शेवटच्या ‘कारण’पाशी थांबा. दगड मारल्याचं दुःख कुणीही लिहील. दगड खाऊन मूल गप्प का बसतं, याचा खुलासा मात्र विचार केल्याशिवाय लिहिता येत नाही. दुःखाच्या वर्णनातून ती त्या दुःखाच्या यंत्रणेकडे गेली. पोटाचं अवलंबित्व आणि मार खाऊन गप्प राहणं यांचा सांधा तिने एका वाक्यात दाखवला.

आणखी एक जागा. महारही मांगांना आपल्यापेक्षा खालचं मानतात, ब्राह्मणांचा सोवळेपणा त्यांनीही उचलला आहे, हे ती लिहिते. शीर्षकात मांग-महार एकत्र, सोसणं एकत्र, तरीही हे सांगायचं ती टाळत नाही. आपल्या बाजूची गैरसोयीची गोष्ट निबंधात ठेवणं मोठ्यांनाही जमत नाही. आपले सिनॉप्सिस पाहा.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते. तुम्ही दारिद्र्याने आणि दुःखाने पिडलेले रोगी आहात, तर ज्ञानाचं औषध घ्या. वाचक बदलला, म्हणून स्वर बदलला. सुरुवातीला पंडितांशी वाद, मध्ये देवाला प्रश्न, शेवटी आपल्या माणसांना आर्जव.

आता खरा अडचणीचा प्रश्न. हे तिने लिहिलं का?

हा प्रश्न व्हायव्हात येतो, सेमिनारमध्ये येतो, कधी चेहऱ्यावर हसू ठेवून येतो. तीन वर्षं शिकलेली मुलगी असं लिहील? जोतीरावांनी सांगितलं असेल, मिशनऱ्यांनी दुरुस्त केलं असेल. त्यावर दुसऱ्या टोकाचं उत्तर तयार असतं : नाही, हा शुद्ध, अस्सल, कुणाचाही हात न लागलेला आवाज आहे. माझ्या मते दोन्ही उत्तरं एकाच चुकीच्या समजुतीवर उभी आहेत. शिकवलेलं लिखाण हे मुलाचं स्वतःचं नसतं, ही ती समजूत. असं असेल तर जगातल्या कुठल्याच विद्यार्थ्याचं लिखाण त्याचं नाही. आणि आठवीतल्या सवर्ण मुलाच्या बक्षीसपात्र निबंधाबाबत हा प्रश्न इतक्या तत्परतेने विचारला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून प्रश्न थोडा बदलून घ्या. या लिखाणात शाळेने काय दिलं आणि मुलीने काय आणलं?

शाळेने दिलेलं ओळखता येतं. गृहीतक ताणून निष्कर्ष काढायची सवय, धर्मग्रंथांची शेजारी शेजारी ठेवून तुलना, देवाने सगळ्यांना सारखंच निर्माण केलं हा आधार. धर्माबद्दलचा हा वाद त्या काळी छापील आणि जाहीर होता. मुंबईत १८३१ मध्येच जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झडला होता. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी वाचलं होतं. १८५५ हे वर्ष त्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचंही आहे आणि सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह त्याच्या आदल्या वर्षीचा. ज्या घरात शिक्षक स्वतः लिहीत होते, वाद घालत होते, अंगावर शेण झेलत होते, त्या शाळेतल्या मुलीला युक्तिवाद म्हणजे काय हे कळायला वेगळा तास लागला नसणार. हा माझा तर्क आहे, पण निराधार नाही.

आणि मुलीने आणलेलं? उष्टं मागण्याचं अर्थकारण, बाळंतिणीची उघड्यावरची रात्र, महार-मांगांमधली पायरी. हे फळ्यावरून उतरवून घेण्यासारखं नाही. महार आणि मांग दोघांना एका वर्गात बसवणाऱ्या शिक्षकाला तर त्यांच्यातला उच्चनीचभाव लिहायला सांगण्यात विशेष रस असण्याचं कारण नव्हतं. आणि मिशनचं म्हणाल तर वर सांगितलेली जागा आठवा. मिशनऱ्याने शब्द घातले असते तर बायबलला वेद आणि कुराणाच्या ओळीत बसवून खऱ्या-खोट्याचा प्रश्न उघडा सोडला असता का? संपादकाला वेदावरची टीका हवी होती, इंग्रजी राज्याची स्तुती हवी होती. तेवढं त्याला मिळालं आणि त्याने छापलं. का छापलं हा प्रश्न विचारायचाच. पण छापणाऱ्याचा हेतू आणि लिहिणारीचा हेतू एकच असं धरायचं नाही.

लेखनशिक्षणाच्या संशोधनात एक भेद नेहमी वापरला जातो. कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामेलिया यांनी १९८७ च्या त्यांच्या ग्रंथात तो मांडला. एका प्रकारच्या लेखनात मूल विषय ऐकतं, त्याबद्दल जे आठवेल ते ओळीने सांगतं, संपलं की थांबतं. दुसऱ्या प्रकारात लिहिताना अडचण उभी राहते : जे म्हणायचं आहे आणि ते ज्याला पटवायचं आहे, यांचा मेळ बसेना. तो बसवताना स्वतःचं म्हणणंच बदलतं, माहितीचं ज्ञान होतं. सुट्या तंत्रांनी हे जमत नाही. लिहिणाऱ्यासमोर सोडवायला खरा प्रश्न लागतो. १९८७ चा साचा १८५५ च्या मुलीवर बसवणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे. त्याचा उपयोग निष्कर्ष म्हणून करू नका, प्रश्न विचारायला करा. मुक्ताबाईसमोरचा प्रश्न खरा होता का? प्रतिपक्ष खरा होता का? तिचं लिखाण वाचणारं खरोखर कुणी होतं का? तिन्हींचं उत्तर हो आहे. वर्गाबाहेर छापून येणारं, शहरातले शास्त्री ज्याच्यावर चिडतील असं लिखाण होतं ते.

आता याच्या शेजारी आपला शालेय निबंध ठेवा. वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक, वैचारिक. पावसाळ्यातील एक दिवस. सूर्य उगवला नाही तर. फाटक्या पुस्तकाचे मनोगत. प्रत्येकाची सुरुवात ठरलेली, सुविचार ठरलेले, शेवट ठरलेला. बाजारातल्या तयार निबंधांच्या कितीतरी पुस्तकांना ‘निबंधमाला’ म्हणतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ज्या नावाचं मासिक भांडायलाच काढलं होतं (आणि ज्यात ते जोतीरावांशीही भांडले), त्या नावाची पुस्तकं आज मुलांना वाद टाळायला शिकवतात. मी या नावावर पुष्कळ हसलो आहे.

हे कसं झालं? त्याचा पूर्ण इतिहास लिहायचा बाकी आहे; तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर हा घ्या. एक धागा मात्र मी दाखवतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकरी वर्गातले शिक्षक तयार करा, मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, नीती आणि आरोग्य शिकवा असं मागितलं. हे सगळे सांगतात. त्याच निवेदनात निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीलाही त्यांनी विरोध केला, हे फारसं कुणी सांगत नाही. मुलं परीक्षेत उतरतील तसे पैसे, अशी ती पद्धत. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही तिथे ही पद्धत चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

लेखनाच्या बाजूने या विरोधाकडे पाहिलं तर आणखी एक अर्थ दिसतो. इन्स्पेक्टर अर्ध्या दिवसात शाळा तपासतो. तो शुद्धलेखन तपासू शकतो, वाचन ऐकू शकतो, हिशेब घालू शकतो. एखाद्या मुलीने ‘कारण’ हा शब्द कमावून लिहिला आहे की नाही, हे तो अर्ध्या दिवसात तपासू शकत नाही. मग ज्याचे पैसे मिळतात तेच शिकवलं जाणार. जोतीरावांनी हा अर्थ मांडला असं नाही, तो मी लावतो आहे. त्याला आधार हवा असेल तर त्या काळचे प्रांतिक शिक्षण अहवाल आणि परीक्षांचे निकष घेऊन बसावं लागेल.

ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मुलांचं लिखाण शाळेच्या दफ्तरात शोधू नका, तिथे हजेरी आणि फी सापडेल. ते नियतकालिकांत शोधा, बक्षीस समारंभांच्या वृत्तांतांत, मिशनच्या वार्षिक अहवालांत, नंतरच्या काळासाठी शाळांच्या हस्तलिखित अंकांत. सापडलं की पहिल्या वाचनात विषय पाहू नका, सांधे पाहा : म्हणून, कारण, जर, तर, परंतु, मग. मुक्ताबाईच्या निबंधाची पानं काढून हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या आधी आणि नंतर काय आहे ते दोन रकान्यांत लिहा. इंग्रजीतून काम करणाऱ्यांसाठी सूसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’च्या पहिल्या खंडात (१९९१) भाषांतर आहे, पण हे काम भाषांतरावर करू नका. सांधे भाषांतरात सगळ्यात आधी बदलतात. मराठी पाठ घ्या, आणि जमलं तर ‘ज्ञानोदय’चा मूळ अंक पाहून तो ताडून घ्या.